पोरानं जे सांगितलं, तेवढंच

आई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते. नाव, गाव, वय विचारून होतं आणि सरकारी वकिलांचा पहिला खरा प्रश्न येतो, "मुलीने तुम्हाला नेमकं काय सांगितलं?" पुढचा सगळा खटला या उत्तरावर उभा राहायचा असतो, आणि पुष्कळ आया नेमक्या इथेच अडखळतात. त्यांना खोटं बोलायचं नसतं. पण मधल्या काळात मुलीचं वाक्य कुठलं, आपला अंदाज कुठला, पोलिसांनी लिहिलं ते कुठलं आणि शेजारच्या काकूंनी जोडलं ते कुठलं, याचा असा काही गुंता होऊन बसतो की तो त्यांचा त्यांनाच सुटत नाही.

पालकहो, विषय कडू आहे: लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार. आपल्या घरात असलं काही कशाला होईल, असं वाचताना वाटेल. तसंच राहो. पीडित मुलांच्या कुटुंबाची वकील म्हणून मी सरकारी वकिलांबरोबर या कोर्टांत बसते. प्रसंग आल्यावर ज्या गोष्टी मला आईबापांना घाईघाईत सांगाव्या लागतात, त्या आज सावकाशीने सांगते. कोर्ट पुरावा तोलतं म्हणजे काय करतं हे आधी कळलं, तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे आपसूक कळतं.

पहिली शंका सगळ्यांची एकच असते. "एवढ्याशा पोराचं कोण ऐकणार? साक्षीदार तर कुणीच नाही." अशा गुन्ह्यांसाठीचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, पण या शंकेचं उत्तर त्याच्याही साठ वर्षं आधीचं आहे. १९५१ मध्ये राजस्थानातल्या एका आठ वर्षांच्या मुलीच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला. लहान म्हणून तिला शपथ दिलेली नव्हती. निकाल लिहिला न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी. हे आपल्या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. शपथ दिली नाही एवढ्यावरून साक्ष बाद होत नाही, असं त्यांनी ठरवलं. आणि त्याच दिवशी काही तासांत ती मुलगी आईला जे बोलली होती, ते आईच्या तोंडून आलं तेव्हा त्याला मुलीच्या साक्षीचा आधार म्हणून धरलं. तुमच्या दृष्टीने त्या निकालातला हा भाग मोठा. आईने तिथे काही पाहिलेलं नसतं. पण मुलीने तिला काय सांगितलं, याची ती साक्षीदार असते.

साक्षीदार किती हवेत याचा आकडा आपल्या पुराव्याच्या कायद्यात नाही. एकट्या मुलाच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. फक्त ती साक्ष विश्वास बसेल अशी हवी आणि न्यायाधीश ती जरा जास्त बारकाईने तपासतात. कारण लहान मूल चटकन पढवलं जाऊ शकतं, हे कोर्टालाही ठाऊक असतं.

म्हणून साक्ष सुरू होण्याआधी न्यायाधीश मुलाशी थोडं बोलतात. शाळा कुठली, बाईंचं नाव काय, आज कुणाबरोबर आलीस. मग विचारतात, "खोटं बोललं की काय होतं गं?" "बाप्पा रागावतो," असं उत्तर बहुतेक वेळा येतं. न्यायाधीश हे प्रश्न आणि ही उत्तरं जशीच्या तशी उतरवून घेतात. मुलाला प्रश्न कळतो का, त्याचं सरळ उत्तर देता येतं का आणि खरं बोलायचं असतं हे त्याला उमगतं का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ कळत नसली तरी चालतं.

आता उलटतपासणी. पोक्सोच्या कोर्टात आरोपीचे वकील मुलावर थेट तोफ डागू शकत नाहीत. प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचा आणि त्यांनी तो मुलाला विचारायचा, असा नियम आहे. तरी एक प्रश्न हमखास येतो, "इथे काय सांगायचं ते आईने शिकवलं ना?" पोर निरागसपणे म्हणतं, "हो." समोरचे वकील खूश होऊन खाली बसतात, मागे आईच्या पोटात गोळा येतो. मग फेरतपासणीत विचारलं जातं, "काय शिकवलं आईने?" "घाबरू नको, झालं तेच सांग." या उत्तराने काही बिघडत नाही. कोर्टात कसं वागायचं हे सांगणं वेगळं आणि काय बोलायचं हे शिकवणं वेगळं, हा फरक न्यायाधीशांना कळतो.

बिघडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. सहा वर्षांची मुलगी एका दमात सांगते, "आरोपीने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले." ही भाषा पोलीस ठाण्यातली. सहा वर्षांच्या तोंडी ती आली की कोर्टात सगळेच मान वर करून पाहतात. घटना खरी असते, पण मुलीचं तोंड तिचं राहिलेलं नसतं. याउलट एखादी मुलगी शरीराच्या भागाला घरात रूढ असलेला गमतीचा शब्द वापरते, "तेव्हा टीव्हीवर छोटा भीम लागला होता, आवाज खूप मोठा होता" म्हणते, काकांच्या बोटातल्या अंगठीचा खडा सांगते. हे कुणी शिकवत नाही. शिकवणाऱ्याला ते सुचतच नाही. म्हणून तिचा बोबडा शब्द सुधारायला जाऊ नका. पोलिसांनी त्याजागी पुस्तकी शब्द लिहिला, तर मूळ शब्द अवतरणात घालायला सांगा.

तारीख चुकणं, आधी दार लावलं की आधी खाऊ दिला याचा क्रम मागेपुढे होणं, अशा तफावतींवर कोर्ट सहसा खटला मोडत नाही. कोण होतं आणि त्याने काय केलं, हा गाभा सगळीकडे सारखा हवा. पढवल्याचा वास आला म्हणून सगळीच साक्ष फेकून द्यायची असंही नाही. शिकवलेला भाग वेगळा काढता येत असेल, तर उरलेल्यावर विसंबता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात म्हटलं आहे. पण ती चाळणी लावायची वेळ का आणायची?

आपल्याच प्रश्नांनी पुरावा कसा नासतो, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावात मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीविरुद्ध एक तक्रार आली. पोलिसांनी सुमारे दोनशे पालकांना पत्रं धाडली: तुमच्या मुलांना विचारा, अमुक झालं का, तमुक झालं का. पत्रात कृत्यांची नावं होती, संशयिताचंही नाव होतं. धास्तावलेल्या आईबापांनी मुलांना विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. मग मुलाखती घेणाऱ्या तज्ज्ञांनी बाहुल्या पुढे ठेवून विचारलं. "नाही" म्हणणाऱ्याला पुन्हा विचारायचे, "हो" म्हणणाऱ्याचं कौतुक करायचे. हळूहळू मुलं भुयारांच्या, अचाट प्रवासांच्या गोष्टी सांगू लागली. सात वर्षं प्रकरण चाललं, १९९० मध्ये संपलं आणि एकालाही शिक्षा झाली नाही. त्या शाळेत कुणा मुलाला खरंच काही झालं होतं का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. झालं असेल, तर त्या मुलाचं खरं त्या गदारोळात बुडालं.

तेव्हा मूल काही बोललं, तर शांत राहायचा प्रयत्न करा. अवघड आहे, मला माहीत आहे. पण तुमचा चेहरा पाहून मूल पुढचं गिळतं. "बरं झालं सांगितलंस," म्हणा. मग "पुढे काय झालं?" आणि "अजून काही सांगायचंय?" यापलीकडे जाऊ नका. "काकांनी हात लावला का?" असा प्रश्न नको, कारण त्यात उत्तर आधीच भरलेलं आहे. ते झोपलं की वही काढा. तारीख, वेळ, ते कुठे बसलं होतं, कशावरून विषय निघाला, त्याचे शब्द आणि तुमचे प्रश्न, दोन्ही लिहून ठेवा. दीड वर्षाने "मुलीने नेमकं काय सांगितलं?" विचारतील तेव्हा या नोंदीने तुमची आठवण ताजी होईल. मात्र वही आहे हे पोलिसांना तेव्हाच सांगा. ती मागाहून अचानक निघाली तर तिच्यावरच संशय घेतील.

मग आजी येते, मामा येतो, आत्याला कळतं, आणि प्रत्येकासमोर मुलीला उभं करून "सांग बरं" सुरू होतं. हे कटाक्षाने टाळा. मोबाइलवर तिची मुलाखत घेऊन घरच्या ग्रुपवर टाकणं तर दोन्हीकडून घातक आहे. त्या व्हिडिओतला तुमचा एकेक प्रश्न उलटतपासणीत तुमच्यासमोर येतो, आणि मुलाची ओळख कायम उघडी पडते. संशयिताला घरी बोलावून "हाच का? बोल!" असं तर चुकूनही करू नका.

कारण मुलाचं सांगणं पुढे बऱ्याच ठिकाणी कागदावर यायचं असतं: फिर्याद, पोलिसांपुढचा जबाब, डॉक्टरांनी लिहिलेली हकीकत, मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब (जुनी माणसं त्याला अजून '१६४ चा जबाब' म्हणतात, नव्या संहितेत ते कलम १८३ झालं), आणि शेवटी कोर्टातली साक्ष. आरोपीचे वकील हे सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचतात. एखादी मोठी गोष्ट कोर्टात पहिल्यांदाच आली, तर "आधीच्या जबाबात हे का नाही?" असं विचारून तिला 'सुधारणा' ठरवतात. यावर उपाय एकच, फिर्याद असो की जबाब, कागद पक्का होण्याआधी वाचून घ्या. मूल तुमच्या मांडीवर बसून सांगू शकतं, घरच्या घरी सांगू शकतं. पोलिसांनी गणवेशात यायचं नाही, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने जबाब घ्यायचा, रात्री मुलाला ठाण्यात थांबवायचं नाही, हे कायद्यातच आहे. फक्त त्याच्या वतीने तुम्ही बोलू नका. डॉक्टरांसमोर आई भडाभडा बोलते, डॉक्टर ते मुलीच्या नावाने उतरवतात, आणि पुढे तफावत निघते.

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे तर सांगते. "रिपोर्टमध्ये काही निघालं नाही, म्हणजे केस गेली," हे डोक्यातून काढा. स्पर्शाच्या खुणा राहत नाहीत. राहिल्या तरी मुलांच्या जखमा लवकर भरतात. इजा नाही म्हणजे घटना नाही, असा अर्थ कोर्ट काढत नाही. पण जो पुरावा मिळू शकतो तो हातचा घालवू नका. अंघोळ घालावीशी वाटणं, कपडे धुवावेसे वाटणं स्वाभाविक आहे, तरी आधी दवाखाना. नमुने तीन दिवसांच्या आत घेतलेले बरे, फार तर चार. कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमटपणाने खराब होतात. तपासणीसाठी आधी गुन्हा नोंदवलेला असण्याची गरज नाही आणि उपचार फुकट करावेच लागतात. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतील. ती अपमानास्पद 'दोन बोटांची चाचणी' कुणी करू लागलं तर थांबवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच तिला गैरवर्तन ठरवलं आहे.

कधी कधी मूल कोर्टात बोलतच नाही. १९८६ मधलं राजस्थानातलं एक प्रकरण आहे. मुलगी साक्षीला उभी राहिली, घटनेबद्दल विचारलं की गप्प, डोळ्यांतून नुसतं पाणी. खालच्या कोर्टाने इतर पुराव्यावर शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आरोपीला सोडलं आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. मुलाचं गप्प राहणं आरोपीच्या पारड्यात टाकता येणार नाही. वैद्यकीय आणि परिस्थितीचा पुरावा मिळून गुन्हा सिद्ध होत असेल तर तो पुरे, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल चांगला, पण त्यासाठी जवळजवळ चाळीस वर्षं गेली. ही गोष्ट मी आईबापांना सांगताना शेवटचं वाक्य हळूच म्हणते.

नागपूरचं, पेरू देतो म्हणून मुलीला घरी नेल्याचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. २०२१ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोखालचा लैंगिक हल्ला नाही असं ठरवलं आणि देशभर गहजब झाला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. पुराव्यावर कुठल्याच कोर्टाने अविश्वास दाखवला नव्हता, वाद कायद्याच्या शब्दांचा होता. आई बारा वर्षांच्या मुलीला शोधत निघाली, तो माणूस जिन्यावरून उतरताना दिसला, "नाही पाहिली" म्हणाला. ती वर गेली, बंद खोलीत मुलगी रडत सापडली. मुलीने तिथेच सांगितलं, आईने थेट पोलीस ठाणं गाठलं. आईने आपल्या पदरचं काही घातलं नाही. ही साक्ष सगळ्या कोर्टांत टिकली.

सगळ्यांना इतक्या तातडीने जाणं जमत नाही. माणूस घरातला असतो, दीर असतो, सासऱ्यांचा मित्र असतो. उशीर झाला म्हणून खटला पडत नाही; अब्रूच्या भीतीने घरचे कचरतात हे न्यायालयांनी १९९६ पासून स्पष्ट मान्य केलेलं आहे. उशिराचं खरं कारण सांगा. "आठ दिवस सासूबाईंनी जाऊ दिलं नाही," हे सांगायला लाज वाटून तारीख पुढे ढकलाल तर तिथेच फसाल. तसंच जुनं भांडण. घरभाड्याची थकबाकी असो, बांधाचा वाद असो, फिर्यादीतच सांगून टाका. समोरचे वकील ते काढणारच, आणि लपवलेलं भांडण उघड्या भांडणापेक्षा महाग पडतं.

'पोक्सोत आरोपीनेच निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं असतं' असं सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. कायद्यात तसं गृहीतक आहे, पण आधी सरकार पक्षाने पायाभूत गोष्टी शाबित करायला हव्यात. मूल अठरा वर्षांखालचं आहे आणि घटना घडली, या त्या गोष्टी. वयावरून तर आपल्याकडे हमखास गाडं अडतं. गावोगावच्या गुरुजींनी पिढ्यान्‌पिढ्या शाळेत घालताना सगळ्यांच्या जन्मतारखा १ जून टाकल्या, त्याचा हिशेब इथे चुकवावा लागतो. पंधरा-सोळा-सतराच्या मुलामुलींच्या बाबतीत हा मुद्दा निकाल फिरवतो. शाळा सोडल्याचा दाखला पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. ग्रामपंचायतीचा, नगरपालिकेचा जन्मदाखला आजच काढून ठेवा. तो तसाही लागतो.

फोनवरचं थोडक्यात. चॅट, फोटो काही पुसू नका, फोन बदलू नका, आणि "पुरावा म्हणून" ते कुणालाही पाठवू नका. मुलांचे तसले फोटो फिरवणं हाच गुन्हा आहे. फोन आहे तसा पोलिसांकडे द्या, पंचनाम्याची प्रत घ्या.

मिटवामिटवीचा दबाव येईल. गावातली वजनदार माणसं येतील, संस्थेच्या अब्रूचा विषय काढतील. असला गुन्हा आपसात मिटवून रद्द होत नाही, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आणि माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही पोक्सोखाली गुन्हा आहे, शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि वसतिगृहाच्या डॉक्टरांनाही तो लागू आहे.

त्याच २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरकर रुळांवर उतरले. चार वर्षांच्या दोन मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात तक्रार घ्यायला लावलेल्या उशिरावरून उच्च न्यायालयाने पोलिसांवर ताशेरे ओढले. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला. पेढे वाटले गेले. लोकांचा राग मला कळतो. पण त्याच्याविरुद्धचा पुरावा कुठल्याही न्यायाधीशाने तोलला नाही, मुलींच्या म्हणण्यावर ते खरं असल्याचा शिक्का कोर्टात कधीच बसला नाही. हे मला आजही खुपतं.

शेवटी निकाल. कधी "संशयाचा फायदा देऊन निर्दोष" असा येतो. तुमच्या मुलाला हा निकाल कसा सांगायचा, हे आधी ठरवून ठेवा. "पुरावा पुरेसा पडला नाही" आणि "तू खोटं बोललीस" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि दुसरं वाक्य निकालात बहुधा लिहिलेलंच नसतं. तरी निकालाची नक्कल घ्या आणि वकिलांसोबत बसून वाचा. अपील करायला सरकारच्या तोंडाकडे पाहायची गरज नाही, पीडिताला तो अधिकार स्वतंत्रपणे आहे. मात्र मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते, तेव्हा नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या.